टेम्सकाठी कोण हरलं?

माझा थोरला भाऊ साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवायचा. माझी मुलगी कॅनडात विंडसरला असते. मोटारींचे सुटे भाग कुठून कुठे, कधी आणि कशातून न्यायचे हे ठरवणं ही तिची नोकरी. दोघं एका टेबलाशी बसले की वाद अटळ, विषय कोणताही चालतो. यंदा दादा तिच्याकडे गेला होता, मीही होते, आणि विषय निघाला ५ ऑक्टोबर १८१३ च्या टेम्सच्या लढाईचा. ही टेम्स लंडनची नव्हे. ऑन्टॅरिओच्या नैऋत्येला त्याच नावाची एक संथ नदी आहे, विंडसरहून गाडीने दीडएक तासावर. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या १८१२ च्या युद्धात तिच्या काठी, मोरेव्हियनटाउन नावाच्या खेड्याजवळ, विल्यम हेन्री हॅरिसनच्या अमेरिकन फौजेने ब्रिटिश जनरल हेन्री प्रॉक्टरचा धुव्वा उडवला. शॉनी जमातीचा नेता टेकुमसे तिथेच पडला. वायव्य सरहद्दीचा निकाल या लढाईने लावला, असं अमेरिकन पुस्तकं सांगतात.

लेखात नावं नकोत, असं दोघांनी बजावलं आहे. म्हणून नुसतं मामा आणि भाची.

मामा: तिला लढाई म्हणूच नकोस. लढाईला दोन्ही बाजूंनी उभं राहावं लागतं. ब्रिटिशांची एकेचाळिसावी पलटण किती वेळ उभी होती? केंटकीचे घोडेस्वार अंगावर आले, यांनी एकदोनदा बार काढले आणि काही मिनिटांत फळी फुटली. सहाशेच्या आसपास माणसं कैद. सेनापती पसार. आणि तिकडे दलदलीच्या कडेला टेकुमसे पाचशेएक माणसांनिशी लढतोच आहे! याला माझ्या भाषेत दगा म्हणतात.

भाची: मामा, तू शेवटापासून सुरुवात करतोयस. त्या पलटणीजवळ तोफा किती होत्या?

मामा: एक.

भाची: एक, सहा पौंडी. आणि तिने एकही गोळा टाकला नाही. दारूगोळा होड्यांतून येत होता. काही होड्या यांना स्वतःच जाळाव्या लागल्या, काही अमेरिकनांनी धरल्या. शिपायांच्या पोटात त्या दिवशी धड अन्न नव्हतं. समोर तीन हजारांवर माणसं, त्यात हजारभर घोडेस्वार. यांचे आठ-नऊशे. अशा पलटणीकडून कोणत्या शौर्याची अपेक्षा करायची? ती पलटण त्या रानात यायच्या आधीच हरली होती. तारीखही सांगते, १० सप्टेंबर. जागा, ईरी सरोवर.

मामा: पेरीची आरमारी लढाई.

भाची: हो. ऑलिव्हर हॅझर्ड पेरीची नऊ जहाजं, ब्रिटिश रॉबर्ट बार्कलेची सहा. संध्याकाळपर्यंत सहाही अमेरिकनांच्या ताब्यात. पण बार्कले बाहेर का पडला, ते ऐक. त्याची इच्छा नव्हती. 'डेट्रॉइट' हे त्याचं मोठं जहाज नुकतंच बांधून झालेलं, त्यावर चढवायला तोफा नाहीत. म्हणून ॲम्हर्स्टबर्गच्या किल्ल्यावरच्या तोफा उतरवून जहाजावर बसवल्या. तरी निघावं लागलं, कारण कोठारात पीठ संपलं होतं. त्या काळी इथे रस्ते नव्हते. माँट्रियलहून पिंप निघायचं ते नदीने वर, मग ऑन्टॅरिओ सरोवर, मग नायगाऱ्याला उतरवून गाड्यांवर, मग पुन्हा ईरी सरोवरात जहाजावर. त्या साखळीच्या शेवटच्या कडीवर ॲम्हर्स्टबर्ग. तिथे फक्त शिपाई नाहीत. टेकुमसेच्या भरवशावर आलेल्या जमातींचे योद्धे, त्यांच्या बायका, मुलं, म्हातारी माणसं, मिळून हजारो तोंडं. सगळ्यांना शिधा ब्रिटिशांनी द्यायचा. सरोवर अमेरिकनांचं झालं त्या दिवशी हा शिधा बंद झाला. आणि किल्ल्याच्या तोफा जहाजाबरोबर गेल्या, म्हणजे किल्लाही उघडा. राहून उपासमार, नाहीतर माघार. तिसरा मार्ग दाखव.

(हे सांगताना ती टेबलावर मीठदाणी, लोणच्याची बरणी आणि चमचे मांडून सगळी जलवाहतूक दाखवत होती. दादाने चमचा उचलून आमटीत घातला आणि नायगारा काही काळ बंद पडला.)

मामा: माघार मान्य. अगं, माघार घेण्याला मी दगा म्हणतच नाही. गनिमी काव्याच्या मुलखातला माणूस मी, माघारीला नावं ठेवीन? पण माघार लपवतात का? आरमार हातचं गेल्याची बातमी प्रॉक्टरने टेकुमसेला दिवसेंदिवस सांगितली नाही. किल्ला मोडायची तयारी दिसली तेव्हा त्याला कळलं. मग १८ सप्टेंबरला सभा झाली. टेकुमसेचं ते भाषण नोंदलेलं आहे. त्यात त्याने जुना हिशेब काढला. १७८३ चा पॅरिसचा तह: इंग्रजांनी अमेरिकेला मुलूख देऊन टाकला, ज्यांचा मुलूख त्यांचं तहात नावही नाही. १७९४, फॉलन टिंबर्स: हरलेले योद्धे इंग्रजांच्या फोर्ट मायामीकडे धावले तर आतून दरवाजे लावून घेतलेले. टेकुमसे त्या लढाईत होता, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आता तिसऱ्यांदा. त्याने प्रॉक्टरला तोंडावर सांगितलं की, तू एरवी शेपूट उभारून मिरवणारा आणि घाबरला की ती पायांत घालून पळणारा लठ्ठ प्राणी आहेस. जायचं तर जा, पण आमची शस्त्रं आणि दारूगोळा इथे ठेवून जा, आम्ही लढू. यावर प्रॉक्टर काय म्हणाला? नदीवर चॅटमला उभे राहू. तिथे पक्की मोर्चेबंदी करू.

भाची: आणि चॅटमला काहीच नव्हतं.

मामा: काहीच नव्हतं! टेकुमसे पोहोचला तर ना मोर्चा, ना खंदक, ना सेनापती. साहेब पुढे मोरेव्हियनटाउनला जागा बघायला गेलेले. कुटुंब पुढे, सामान पुढे. दुय्यम अधिकाऱ्याला हुकूम नाही. मागचे पूल धड पाडलेले नाहीत, त्यामुळे हॅरिसन २ ऑक्टोबरला निघाला तो दोन दिवसांत मानगुटीवर बसला. हे पिठाच्या टंचाईने झालं?

भाची: नाही, हे नालायकपणाने झालं. असा माणूस माझ्या हाताखाली असता तर एका आठवड्यात घरी पाठवला असता. पण नालायकपणा म्हणजे दगा नव्हे, मामा. दग्यामागे हेतू लागतो.

मामा: त्याच्या वरिष्ठांनी हेतू कसा मोजला ते बघ. लष्करी न्यायालयात खटला चालला. शिक्षा? सहा महिने पद आणि पगार बंद. तीही लंडनला पोहोचेपर्यंत घटली, नुसत्या ताशेऱ्यावर भागलं.

प्रॉक्टरच्या बाबतीत माझं मत दादाकडे झुकतं, हे इथेच सांगून टाकते. जानेवारी १८१३ मध्ये रायझिन नदीवर याच प्रॉक्टरने जखमी अमेरिकन कैदी पुरेशा पहाऱ्याशिवाय मागे सोडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची कत्तल झाली. ते कैदी बहुतेक केंटकीचे होते. म्हणून टेम्सवर केंटकीचे लोक रायझिनचं नाव घेत ओरडत चालून आले. मे महिन्यात फोर्ट मेग्जजवळ पुन्हा कैद्यांना मारणं सुरू झालं, तेव्हा मध्ये पडून ते थांबवलं टेकुमसेने. प्रॉक्टरने नव्हे. ज्याला जे शोभायला हवं होतं ते दुसऱ्यानेच केलं.

आता प्रत्यक्ष लढाई. मुलगी त्या जागी जाऊन आलेली, दादा तिथे जाऊन आलेल्यापेक्षा जास्त वाचलेला. दोघांचं एकमत होण्याची ही एकच जागा होती, म्हणून सलग देते.

भाची: आज तिथे मक्याची आणि सोयाबीनची शेतं आहेत, शेजारून रस्ता जातो, रस्त्याकडेला टेकुमसेचं स्मारक. तेव्हा बीच आणि मेपलचं दाट रान. ब्रिटिशांच्या डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला मोठी दलदल, मधेही एक छोटी दलदल. नदी आणि छोटी दलदल यांच्या मध्ये गोरी पलटण, दलदलीच्या कडेने टेकुमसेचे लोक. जागा वाईट नव्हती. पण माणसं कमी, म्हणून शिपाई विरळ उभे केलेले. टेहळणीत ते दिसलं. हॅरिसनचा मूळ बेत पायदळाने चाल करायचा होता, तो त्याने ऐन वेळी बदलला आणि रिचर्ड मेंटर जॉन्सनला घोडे घालायची परवानगी दिली.

मामा: रानात घोडदळ! कोणत्याही युरोपियन सेनापतीने वेड्यात काढलं असतं.

भाची: पण केंटकीची पोरं रानातच घोड्यावर वाढलेली. हातात तलवारी नाहीत. लांब बंदुका आणि कमरेला कुऱ्हाडी. जॉन्सनचा भाऊ जेम्स अर्धी रेजिमेंट घेऊन पलटणीवर गेला आणि आरपार निघाला. तुझी काही मिनिटं ती हीच. स्वतः रिचर्ड दुसरी अर्धी घेऊन दलदलीकडे वळला. पुढे मुद्दाम वीस स्वारांची बिनीची तुकडी, पहिला मारा अंगावर घ्यायला. त्यातले बहुतेक पहिल्या सरबत्तीतच पडले. चिखलात घोडे चालेनात, तेव्हा सगळे खाली उतरले आणि झाडाझाडाआडून लढाई झाली. जॉन्सनला अनेक जखमा झाल्या, एक हात कायमचा अधू झाला. पलीकडून टेकुमसेचा आवाज ऐकू येत होता. मग तो येईनासा झाला आणि त्याचे लोक रानात पांगले. सगळं मिळून तासाभराचा मामला.

मामा: प्रेत सापडलंच नाही.

भाची: ओळखू येईल असं नाही सापडलं. एका प्रेताला टेकुमसे समजून केंटकीच्या काही शिपायांनी त्याच्या कातड्याच्या पट्ट्या कापून नेल्या. वस्तरे परजायला. ते दुसऱ्याच कोणाचं असावं.

इथे थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग दादाच बोलला.

मामा: या माणसाने काय मांडलं होतं ते तुला नीट माहीत आहे ना? की जमीन सगळ्या जमातींची मिळून एक आहे, एखाद्या जमातीच्या चार सरदारांना ती विकायचा अधिकारच नाही. याच हॅरिसनने १८०९ मध्ये फोर्ट वेनला असल्याच काही सरदारांकडून तीस लाख एकरांच्या आसपास जमीन लिहून घेतली होती. तेव्हापासून टेकुमसे उत्तरेच्या सरोवरांपासून दक्षिणेतल्या क्रीकांपर्यंत फिरत होता. १८११ च्या शरदात तो दक्षिणेत असताना हॅरिसनने डाव साधला. टिपेकॅनूची लढाई, ७ नोव्हेंबर. भाऊ टेन्स्क्वाटावा हरला, वस्ती जाळली गेली. तरी टेकुमसेने पुन्हा माणसं जमवली. ऑगस्ट १८१२ मध्ये आयझॅक ब्रॉक आणि तो मिळून डेट्रॉइटसमोर उभे राहिले आणि अमेरिकन जनरल हलने किल्ला हाती दिला. ब्रॉक होता तोवर इंग्रजांशी मैत्री ही मैत्री होती. तो ऑक्टोबरात क्वीन्सटन हाइट्सला पडला आणि प्रॉक्टर राहिला.

भाची: म्हणजे ब्रॉक जगला असता तर पीठ आलं असतं?

मामा: खोचक बोलू नकोस. मी इंग्रजांच्या स्वभावाबद्दल बोलतोय. टेम्सच्या लढाईच्या आदल्या दिवशी, ४ ऑक्टोबर १८१३ ला, कलकत्त्यात नव्या गव्हर्नर जनरलने कारभार हाती घेतला. लॉर्ड मोइरा, पुढचा लॉर्ड हेस्टिंग्ज. ऐन तारुण्यात हा बंकर हिलला लढलेला, १७७५ मध्ये, अमेरिकन बंडखोरांशी. याच माणसाने १८१८ मध्ये आपली पेशवाई बुडवली. जगभर एकच कारखाना चालू होता.

(तो इथे येणार हे मला ठाऊक होतं. दादाच्या इतिहासातल्या सगळ्या नद्या शेवटी कृष्णेला मिळतात.)

भाची: बरं, पण तोच कारखाना इथे टेकुमसेचा मित्र होता. मग तू त्याला काय सल्ला दिला असतास? इंग्रजांवर विसंबू नकोस?

मामा: त्याला दुसरा पर्याय कुठे होता?

भाची: होता, आणि तो पर्याय निवडलेली माणसंही होती. हे तुझ्या पुस्तकात फारसं नसेल. शॉनींतले बहुसंख्य टेकुमसेबरोबर नव्हतेच. ओहायोत वापाकोनेटाला म्हातारा ब्लॅक हूफ होता. तरुणपणी अमेरिकनांशी लढलेला. त्याने अमेरिकेशी झालेल्या १७९५ च्या तहानंतर ठरवलं की आता लढायचं नाही. शेती करायची, गुरं पाळायची, क्वेकर मंडळींची मदत घ्यायची, अमेरिकेशी इमान राखायचं. त्याने ते शेवटपर्यंत राखलं. टेम्सच्या वेळी हॅरिसनच्या फौजेबरोबरही शॉनी आणि डेलावेअर होते! म्हणजे तुझ्या लढाईत मूळच्या जमाती दोन्ही बाजूंना. आता पुढचं ऐक. ब्लॅक हूफ १८३१ मध्ये वारला. त्याच वर्षी वापाकोनेटाच्या शॉनींकडून जमीन सोडल्याचा करार करून घेतला आणि पुढच्या वर्षी त्यांना मिसिसिपीपलीकडे हाकललं. इंग्रजांचा हात धरणारे गेले आणि अमेरिकेचा हात धरणारेही गेले. मग दगा हे कारण कसं होईल? ज्यांना इंग्रजांनी दगा दिलाच नव्हता त्यांचंही तेच झालं.

मामा: हं.

भाची: ओहायोची लोकसंख्या १८०० मध्ये पंचेचाळीस हजार होती. १८१० मध्ये दोन लाख तीस हजार. १८२० मध्ये पाच लाख ऐंशी हजार. प्रॉक्टर सिंह असता तरी हे आकडे तेच राहिले असते.

मामा: आकडे फेकलेस की माणसाची जबाबदारी संपते, असं तुला वाटतं. पूर आला म्हणून धरणाचा दरवाजा उघडणारा सुटत नाही.

दादाचं हे वाक्य मला आवडलं, तिला आवडलं नाही. पण या दोघांच्या हिशेबात एक गाव राहून जात होतं आणि ते मला बोचत होतं, म्हणून मी मध्ये पडले. लढाईचं एक नाव मोरेव्हियनटाउनची लढाई असंही आहे. ते गाव कोणाचं?

ते डेलावेअर लोकांचं. मोरेव्हियन या जर्मनभाषक ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांनी त्यांना बाप्तिस्मा दिलेला; शस्त्र धरायचं नाही असं मानणारी ही मंडळी. अमेरिकन क्रांतियुद्धात ती ओहायोत होती. ८ मार्च १७८२ ला ग्नाडेनह्यूटन या त्यांच्या वस्तीत पेनसिल्व्हेनियाचे हंगामी सैनिक आले, मत घेऊन ठरवलं आणि शहाण्णव जणांना एकेक करून मारलं, निम्म्याहून अधिक बायका आणि मुलं. मरणाऱ्यांनी आदली रात्र प्रार्थनेत काढली होती. उरलेले भटकत भटकत शेवटी १७९२ मध्ये डेव्हिड झाइसबर्गरबरोबर टेम्सकाठी आले. ब्रिटिश मुलूख, म्हणजे सुरक्षित. फेअरफील्ड नावाचं गाव वसवलं: लाकडी घरं, प्रार्थनाघर, मक्याची शेतं. वीस वर्षं त्यांनी कोणाचं काही बिघडवलं नाही. मग प्रॉक्टरची माघार त्यांच्या दारात आली, आजारी शिपाई त्यांच्या घरांत आले, गावाजवळ लढाई झाली आणि जिंकल्यावर हॅरिसनच्या फौजेने ते गाव लुटून जाळलं. एकाच समाजाला एकाच देशाच्या फौजांनी दोनदा उद्ध्वस्त केलं, आणि दोन्ही वेळा हे लोक लढाईत नव्हते. १८१५ मध्ये त्यांनी नदीच्या पलीकडच्या काठाला नवं गाव बांधलं. त्यांचे वंशज आजही तिथे राहतात.

हे ऐकून दोघं आपापल्या बाजूला हा दाखला ओढायला निघाले. मामाच्या मते संरक्षणाचं वचन देणाऱ्याच्या मुलखात हे घडलं. भाचीच्या मते सरहद्दीवर 'कोणाचा मुलूख' याला काही अर्थच नव्हता. मी दोघांनाही दाखला दिला नाही.

मामा: बरं, तू म्हणतेस प्रॉक्टरने काही बिघडलं नाही. मग ही निर्णायक लढाई कशी? निकाल सरोवरावर आधीच लागला होता, लोकसंख्येने तर त्याच्याही आधी. तुझ्या हिशेबात या लढाईला जागाच नाही.

भाची: युद्धाच्या हिशेबात खरंच फार जागा नाही! जिंकून हॅरिसनने काय केलं? केंटकीच्या लोकांची मुदत संपत आली होती, ते घरी गेले. तो डेट्रॉइटला परतला. उत्तरेला मॅकिनॅकचा किल्ला ब्रिटिशांकडे युद्ध संपेपर्यंत राहिला. १८१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकनांनी घ्यायचा प्रयत्न केला, मार खाल्ला. उलट त्याच उन्हाळ्यात ब्रिटिशांनी आणि त्यांच्या जमातींनी मिसिसिपीवरचं प्रेरी दु शिएन घेतलं. हॅरिसनने मे १८१४ मध्ये सैन्यातून राजीनामा दिला, युद्धमंत्र्याशी पटेना म्हणून. शेवटी सीमा कुठे ठरली? जिथे आधी होती तिथेच.

मामा: पण तो अध्यक्ष झाला.

भाची: १८४० च्या निवडणुकीत, टिपेकॅनूच्या नावावर. एक महिना टिकला, एप्रिल १८४१ मध्ये मेला. जॉन्सन त्याच्या आधीच उपाध्यक्ष झाला, टेकुमसेला मारणारा म्हणून. त्याने मारलं की नाही हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

(जॉन्सनची एक गोष्ट या दोघांनी सोडली. ज्युलिया चिन ही त्याची गुलाम स्त्री; तो तिला बायकोसारखी वागवायचा, दोन मुली आपल्या म्हणून वाढवल्या. त्यामुळे व्हर्जिनियाच्या मतदार-प्रतिनिधींनी त्याला मत नाकारलं आणि त्याची निवड सिनेटला करावी लागली. माणसाच्या कातड्याच्या पट्ट्या निघाल्या त्या लढाईचा वीर त्यांना चालत होता, ही घरातली गोष्ट चालत नव्हती.)

मामा: आता मी तुला तुझ्याच मैदानावर गाठतो. सरोवर, पीठ, होड्या. मान्य. बेल्जियमच्या गेंट शहरात कसली टंचाई होती? ऑगस्ट १८१४, तहाच्या वाटाघाटी. नेपोलियन एप्रिलमध्येच पडलेला, ब्रिटनचा हात मोकळा. ब्रिटिश वकिलांनी पहिली अट घातली की सरोवरांच्या दक्षिणेला जमातींचा स्वतंत्र प्रदेश हवा, त्याशिवाय तह नाही. टेकुमसे मेल्यावर का होईना, त्याचं स्वप्न टेबलावर आलं. ऑक्टोबरपर्यंत ती अट कुठे गेली?

भाची: वेलिंग्टनला विचार. असईला तुमच्या शिंदे-भोसल्यांना हरवणारा तोच वेलस्ली. सरकारने त्याला अमेरिकेत सेनापती म्हणून जा म्हटलं, तर त्याने लिहिलं की सरोवरांवर आरमारी वर्चस्व नाही, तेव्हा तुम्हाला भूभाग मागायचा हक्कच पोचत नाही. बघ, पुन्हा सरोवर.

मामा: पत्राची तारीख?

भाची: नोव्हेंबर.

मामा: नोव्हेंबर १८१४. आणि जमातींच्या प्रदेशाची अट सोडली ऑक्टोबरात. वेलिंग्टनने तोंड उघडायच्या आधी! तेव्हा ब्रिटिश अजून स्वतःसाठी भूभाग मागतच होते. मेनचा किनारा हवा, नायगारा हवा. स्वतःच्या मागण्या चालू ठेवून आधी सोडली ती मित्रांची मागणी. इथे कुठलं पीठ संपलं होतं ते सांग.

ती हसली. तिला बिनतोड मुद्दा आवडतो, तो विरुद्ध बाजूचा असला तरी.

भाची: हा तुझा. पण त्यातूनच माझं उत्तर निघतं. अमेरिकन वकिलांनी हिशेब केला होता, त्या प्रदेशात तेव्हाच लाखभर गोरे वसाहतवाले राहत होते. त्यांना उठवणार कोण? आणि समोर बसून भांडायला टेकुमसे नाही, त्याची एकजूट नाही. ऑक्टोबर १८१३ मध्येच मायामी, पॉटावाटोमी वगैरेंनी हॅरिसनशी शस्त्रसंधी केला होता. युद्धात जमातींचं वजन त्यांच्या एकत्र येण्यात होतं. टेम्सवर ते वजन गेलं. मी लढाईला जागा नाही म्हटलं ते युद्धाच्या हिशेबात. गेंटच्या हिशेबात आहे.

मामा: म्हणजे निर्णायक होती.

भाची: होती. फक्त ज्या दोघांची म्हणून ती पुस्तकात लिहितात, त्यांच्यासाठी नव्हे.

मामा: हेच मी सकाळपासून म्हणतोय.

भाची: तू सकाळपासून प्रॉक्टरला फासावर चढवतोयस.

मामा: बरं, गेंटच्या तहातलं नववं कलम तरी मिळालं ना जमातींना? ब्रिटिशांनी अगदीच हात झटकले असं म्हणता येणार नाही, हे तुझ्यासाठी सोडतो. २४ डिसेंबर १८१४ च्या तहात लिहिलं आहे की, अमेरिकेने जमातींशी युद्ध थांबवावं आणि त्यांचे हक्क, मालमत्ता पूर्ववत करावी.

भाची: पूर्ववत म्हणजे कधीपर्यंतचं, ते वाचलंस? १८११.

मामा: १८११...

भाची: १८११ मध्ये त्यांच्याकडे जे होतं ते. १८०९ मध्ये फोर्ट वेनला जे गेलं ते त्यात बसत नाही.

मामा: थांब. म्हणजे ज्या तीस लाख एकरांवरून हे सगळं पेटलं, ते कलम अक्षरशः पाळलं असतं तरी परत आले नसते?

भाची: नसते. आणि पाळलंही नाही. १८१५ मध्ये जमातींशी शांततेचे करार झाले, कागदोपत्री कलम पूर्ण. १८१६ च्या डिसेंबरात इंडियाना राज्य झालं, फोर्ट वेनच्या जमिनीसकट. १८१७ मध्ये मॉमी नदीच्या खळाळत्या उताराशी तह झाला, त्यात ओहायोचा उरलेला वायव्य कोपराही जवळजवळ सगळा गेला.

मामा: त्या तहावर सह्या कोणी केल्या?

भाची: अमेरिकेतर्फे लुईस कॅसने. तोही टेम्सवर होता, हॅरिसनबरोबर. आणि शॉनींच्या बाजूने पहिल्या काही नावांत ब्लॅक हूफ.